पोलिसांनी फोन मागितला आहे. त्यातले काही पुसून टाकू का?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या शहरातील एका पतसंस्थेत १४ वर्षे लेखनिक आहेत. संस्थेच्या ठेवींत अपहार झाल्याची फिर्याद दाखल झाली असून व्यवस्थापकांना अटक झाली आहे. गेल्या आठवड्यात पोलिसांनी कार्यालयातील तीन संगणक आणि सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर जप्त केला. आता या भगिनींना साक्षीदार म्हणून जबाब देण्यासाठी लेखी नोटीस आली आहे आणि सोमवारी येताना स्वतःचा मोबाईल सोबत आणावा, असे त्यात म्हटले आहे. त्या लिहितात : "ज्या खोट्या कर्जनोंदींची चर्चा चालू आहे, त्यांतल्या काही माझ्या लॉगिनवरून झाल्या आहेत असे कळते. मी त्या केलेल्या नाहीत. माझ्या फोनमध्ये व्यवस्थापकसाहेबांचे कामाचे मेसेज आहेत, तसे माझ्या उपचारांचे रिपोर्ट आहेत आणि धाकट्या बहिणीशी तिच्या संसाराविषयी झालेले बोलणेही आहे. मामेभाऊ म्हणतो, फोन फॅक्टरी रिसेट करून टाक, म्हणजे प्रश्नच मिटला. घरच्यांनाही तेच बरे वाटते. मी काय करावे?"

ताई,

सोमवार जवळ आला आहे, म्हणून तुमच्या मामेभावाच्या सल्ल्याचे उत्तर आधी देतो. फोन रिसेट करू नका. एकही मेसेज, एकही फोटो, एकही कॉलची नोंद पुसू नका, आणि घरातील दुसऱ्या कोणाला तो फोन 'जरा साफ करून' देऊ नका. तुमच्या हाती लेखी नोटीस पडलेली आहे. कायद्याने हजर करावा लागेल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुरावा म्हणून वापरता येऊ नये या हेतूने नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. आज तुम्ही साक्षीदार आहात. त्या एका बटणाने तुम्ही स्वतःहून आरोपीच्या रांगेत जाऊन उभ्या राहाल, आणि तेही जे तुम्ही केलेलेच नाही त्यापायी.

शिवाय पुसल्याने तुम्हाला हवे ते साधणारही नाही. अलीकडच्या फोनमधील सर्व मजकूर सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि रिसेट केल्यावर तो उलगडण्याच्या किल्ल्याच नष्ट होतात, त्यामुळे त्या फोनमधून जुना मजकूर परत मिळवणे बहुधा अशक्य होते, हे मामेभावाचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. परंतु फोन नव्याने कधी सुरू झाला त्याची तारीख आणि वेळ फोनमध्येच राहते. नोटीस शुक्रवारी मिळाली आणि फोन शनिवारी रात्री कोरा झाला, एवढे दोन ओळींत अहवालात आले की पुढचे प्रश्न तुम्हाला विचारले जातील. व्यवस्थापकांचा फोन पोलिसांकडे असेलच, म्हणजे तुमच्या संभाषणाची दुसरी प्रत तिथे आहे. तुम्ही कार्यालयातील संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब जोडले असेल, तर त्याच्या खुणा जप्त केलेल्या संगणकावर मिळू शकतात. कॉल कोणी कोणाला कधी केला याचा तपशील दूरसंचार कंपनीकडे असतो आणि तो किमान २ वर्षे जपण्याची अट त्यांच्या परवान्यात आहे. थोडक्यात, तुमच्याकडची प्रत गेली तरी बाकीच्यांच्या प्रती राहतात, आणि मग तुमची बाजू त्यांच्या प्रतींवरून ठरते.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. काही वर्षांपूर्वी उद्यमनगरातील एका फाउंड्रीचे स्टोअरकीपर माझ्याकडे आले होते. माल चोरीला गेल्याची तक्रार होती आणि गाडी बाहेर सोडण्याचा हुकूम आपल्याला वरून मिळाला होता, असे त्यांचे म्हणणे होते. तो हुकूम मेसेजवर आला होता, परंतु भीतीपोटी त्यांनी ते सगळे संभाषण आपल्या फोनमधून पुसले होते, आणि हुकूम देणाऱ्यानेही आपल्या बाजूचा मजकूर ठेवला नव्हता. तो माणूस खरे बोलत होता अशी माझी खात्री होती आणि आजही आहे. मात्र ती खात्री न्यायालयापुढे ठेवता येत नाही. त्या एका मेसेजअभावी त्यांची अडीच वर्षे तारखा करण्यात गेली.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे वळतो, म्हणजे तुमच्या लॉगिनवरून झालेल्या नोंदींकडे. इथे संगणकाची न्यायवैज्ञानिक तपासणी तुमच्या विरोधात जाईलच असे गृहीत धरू नका. नीट झाली तर ती तुमच्या बाजूची सर्वांत बळकट साक्ष ठरू शकते.

जप्त केलेला संगणक तपासणारा तज्ज्ञ तो सरळ चालू करून पाहत नाही, कारण चालू करताच शेकडो फाइलींच्या वेळा बदलतात. तो आतील हार्ड डिस्क काढतो, राइट ब्लॉकर नावाचे उपकरण मध्ये जोडतो, ज्यामुळे डिस्कवरचे वाचता येते परंतु तिच्यावर काहीही लिहिले जात नाही, आणि मग संपूर्ण डिस्कची तंतोतंत प्रत घेतो. या प्रतीला इमेज म्हणतात. पुढचे सारे काम त्या इमेजवर चालते आणि मूळ डिस्क सीलबंद राहते. इमेजमध्ये दिसणाऱ्या फाइली असतात, तशा पुसलेल्या फाइलींचे उरलेले अवशेषही असतात. विंडोज संगणकात कोणत्या खात्याने केव्हा प्रवेश केला, कोणता पेनड्राइव्ह पहिल्यांदा केव्हा जोडला गेला, कोणती फाइल शेवटची केव्हा उघडली, याच्या नोंदी वापरणाऱ्याच्या नकळत होत असतात. संस्थेच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा स्वतःची वेगळी नोंदवही असते, आणि तिच्यात नोंद कोणत्या नावाने झाली याबरोबर ती कोणत्या संगणकावरून झाली हेही पुष्कळदा लिहिलेले असते.

हा शेवटचा मुद्दा तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. नाव तुमचे आणि संगणक व्यवस्थापकांच्या केबिनमधला, असे जर निघाले, तर प्रश्नाचे रूपच बदलते. आपल्याकडच्या संस्थांत पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो, रजेवर जाताना तो शेजारच्याला सांगितलेला असतो, आणि दिवसअखेर साहेबच 'मी बघतो' म्हणून आपल्या लॉगिनवर बसतात. तुमच्याकडे असे होत असेल, तर लाज न बाळगता जबाबात स्पष्ट सांगा : पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता, तो शेवटचा केव्हा बदलला, तुमच्या खुर्चीवर कोण बसत असे. लॉगिनवरून खाते कळते. खुर्चीत कोण बसले होते हे इतर गोष्टींशी पडताळूनच ठरवावे लागते. चांगला तपास अधिकारी ही पडताळणी करतो, परंतु कशाशी पडताळायचे हे त्याला तुमच्याइतके कोणी सांगू शकत नाही.

म्हणून आज रात्री एक वही घेऊन बसा. वादग्रस्त नोंदींच्या ज्या तारखा तुम्हाला कळल्या आहेत, त्या दिवशी तुम्ही कुठे होता ते आठवून लिहा. हजेरीपत्रक, रजेचा अर्ज, मुलांच्या शाळेतील पालकसभा, दवाखान्याची पावती, सारे उपयोगी आहे. समजा, नोंद दुपारी दीडची आहे आणि त्याच वेळी तुम्ही कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजीवाल्याला यूपीआयने पैसे दिले होते. तो व्यवहार तुमच्या फोनमध्ये आहे आणि बँकेच्या नोंदीतही आहे. मोबाईल टॉवरच्या माहितीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. एका टॉवरच्या कक्षेत पेठेचा बराच भाग येतो, आणि तुमचे घर व कार्यालय जवळजवळ असतील तर तेवढ्यावरून तुम्ही यांपैकी नेमक्या कुठे होता हे कळणार नाही. ज्या फोनला तुम्ही आज संकट समजत आहात, त्याच फोनमध्ये तुमच्या निर्दोषपणाचा वेळेसह लिहिलेला दाखला असू शकतो. रिसेटचा सल्ला मला इतका खुपतो तो यामुळेच.

वेळेसंबंधी एक सावधगिरी सांगतो, कारण ती वकिलांच्याही नजरेतून सुटते. संगणक आणि फोन आतल्या आत बऱ्याच नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. अहवालात ०८:४५ असे छापलेले असले तर ती सकाळची पावणेनऊची वेळ आहे की दुपारची सव्वादोनची, हे अहवालात लिहिलेली वेळपद्धत पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. जुन्या संगणकांचे घड्याळ पुढेमागे झालेले असते ते वेगळेच. जप्तीच्या वेळी संगणकाचे आणि डीव्हीआरचे घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून पंचनाम्यात लिहिले होते का, हे तुमच्या वकिलांना जरूर पाहायला सांगा.

फोनची तपासणी संगणकाहून थोडी निराळी असते. फोन ताब्यात येताच त्याचा नेटवर्कशी संबंध तोडतात. त्यासाठी तो एअरप्लेन मोडवर टाकतात किंवा लहरी अडवणाऱ्या खास पिशवीत ठेवतात, म्हणजे दुरून कोणी तो कोरा करू शकत नाही. नंतर सेलेब्राइटसारख्या उपकरणाने त्यातील मजकूर बाहेर काढला जातो. फोन उघडलेला असेल तर मेसेज, कॉल, फोटो, ठिकाणांच्या नोंदी असे पुष्कळ मिळते. बंद करून पुन्हा सुरू केलेला आणि पिन न टाकलेला फोन असेल तर फारच थोडे मिळते. पुसलेला मेसेज कधी मिळतो तर कधी मिळत नाही, कारण डेटाबेसमध्ये पुसलेली ओळ लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदवली जाते आणि नवी ओळ त्या जागेवर येईपर्यंत जुनी कधी कधी तिथेच राहते. तपासणीसाठी वस्तू न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवल्या जातात. या प्रयोगशाळांचे संचालनालय मुंबईत कलिना येथे आहे आणि कोल्हापुरातही प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. अहवालाला वेळ लागतो, तेवढी तयारी मनाशी ठेवा.

आता सोमवारबद्दल. स्त्री साक्षीदाराला तिच्या राहत्या घराखेरीज दुसऱ्या ठिकाणी जबाबासाठी हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ सांगते. तुमची स्वतःची तयारी असेल तर तुम्ही ठाण्यात जाऊ शकता. जबाब घरी घ्यावा अशी इच्छा असेल तर तसे नम्रपणे, या कलमाचा उल्लेख करून, आजच लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोलिसांपुढे दिलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेण्याची कायद्यात तरतूद नाही, उलट कलम १८१ प्रमाणे तशी सही घ्यायची नसते. फोन ताब्यात दिल्याच्या कागदावर मात्र सही लागते, आणि तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

त्या कागदात काय असावे हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण पुढचा सारा डोलारा त्यावर उभा राहतो. फोनची कंपनी, मॉडेल, रंग, काचेवरचा तडा असेल तर तोही, सिमकार्डाचा क्रमांक आणि १५ अंकी आयएमईआय क्रमांक लिहिलेला हवा. हा क्रमांक *#०६# डायल केल्यावर पडद्यावर दिसतो, तो आजच वहीत उतरवून ठेवा. फोन चालू स्थितीत दिला की बंद, कोणत्या वेळी दिला, कोणत्या पंचांसमक्ष सील केला, हे हवे. झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १०५ ने बंधनकारक केले आहे, तेव्हा मुद्रण चालू आहे ना, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्यात कोणाचा अपमान नाही. यादीची प्रत मागून घ्या.

तुमच्या समक्ष फोनमधील मजकुराची प्रत काढली गेली, तर त्या प्रतीचे हॅश मूल्य पंचनाम्यात लिहून घेण्याची विनंती करा. तुम्ही लेखनिक आहात, म्हणून तुम्हाला हे चटकन समजेल. दिवसअखेर कीर्द जुळवताना एका पैशाचा फरक पडला तरी बेरीज बोलते, तसेच हे आहे, फक्त याहून कितीतरी कडक. प्रतीतील सर्व मजकुरावर ठरावीक गणित करून एक आकडा काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. मजकुरातील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पुढच्या वेळी निघणारा आकडा ओळखू येणार नाही इतका वेगळा असतो. जप्तीच्या दिवशीचे आणि न्यायालयातील दिवशीचे मूल्य एकच असेल, तर मधल्या काळात त्या प्रतीत कोणी काही घातले नाही आणि काही काढले नाही. हे जसे पोलिसांच्या उपयोगाचे आहे तसेच तुमच्याही उपयोगाचे आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हे मूल्य आता लिहावेच लागते, आणि त्या प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

या प्रमाणपत्राचे महत्त्व ज्या खटल्याने ठसले तो आपल्याच राज्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातील उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले का, हा वाद निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणावर येऊन ठेपला होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. म्हणून तुमच्याकडे व्यवस्थापकांच्या मेसेजचे काही स्क्रीनशॉट असले, तरी त्यांच्या भरवशावर मूळ फोन गमावू नका.

पिन द्यावा की नाही, हा तुमच्या पत्रात न विचारलेला पण सोमवारी नक्की समोर येणारा प्रश्न आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो, आणि ज्या उत्तराने स्वतःवर आरोप येऊ शकेल ते देण्यास साक्षीदारही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० प्रमाणे बांधील नसतो. पिन सांगणे ही अशी साक्ष आहे की बोटांचे ठसे देण्यासारखी केवळ एक भौतिक बाब आहे, याबद्दल न्यायालयांत एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये यावर एकमेकांहून वेगळी मते दिली आहेत. तुमचे नाव नोंदींशी जोडले गेले असल्यामुळे हा निर्णय वकिलाशी बोलूनच घ्या. माझा कल सांगायचा तर, फोनमधला मजकूर तुमच्या बाजूचा आहे असे वकिलाशी शांतपणे पडताळून झाले, की फोन स्वतः उघडून देणे आणि तसे दिल्याचे कागदावर आणणे तुमच्या हिताचे ठरेल. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

तुमच्या उपचारांचे रिपोर्ट आणि बहिणीचे बोलणे यांविषयी तुम्हाला वाटणारा संकोच मी समजू शकतो, आणि तो क्षुल्लक आहे असे कोणी म्हटले तर ऐकू नका. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितले आहे, आणि उपकरणे जप्त करताना तिचे रक्षण होईल अशी मार्गदर्शक तत्त्वे हवीत, असे त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला बजावले आहे. फोनमधला कोणता कप्पा पाहायचा आणि कोणता नाही, हे काटेकोरपणे ठरवून देणारी तरतूद कायद्यात असायला हवी असे माझे ठाम मत आहे. तोवर आपल्या हाती लेखी अर्ज आहे. तपासणी अमुक काळापुरती, व्यवस्थापक आणि संस्थेतील अमुक व्यक्तींशी झालेल्या संभाषणापुरती आणि संस्थेच्या व्यवहारांपुरती मर्यादित ठेवावी, वैद्यकीय व कौटुंबिक मजकूर अहवालात किंवा दोषारोपपत्रात जोडू नये, अशी विनंती फोन देतानाच करा. अधिकारी ती मान्य करतील याची हमी मी देत नाही. पुढे असा मजकूर अभिलेखात आला तर न्यायालयापुढे दाद मागताना हाच अर्ज तुमच्या कामी येईल.

फोन गेल्यावर रोजचे काय, तेही पाहू. फोनसोबत सिमही जाणार असेल तर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम घेण्यास हरकत नसल्याचे अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या, नाहीतर बँकेचे ओटीपी बंद पडतील. फोन दुरून शोधण्याची किंवा कोरा करण्याची सोय चुकूनही वापरू नका. तपासाला गरज उरली नाही की फोन परत मागता येतो; त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा असतो, आणि गुन्हा ठेवीदारांच्या संरक्षणाच्या एमपीआयडी कायद्याखाली असेल तर तो विशेष न्यायालयात. प्रत काढून झाली असल्यास मूळ फोन हमीपत्रावर परत द्यावा, अशी मागणी करा. जप्त वस्तू गरजेपेक्षा जास्त काळ पोलिसांकडे पडून राहू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगून ठेवले आहे. अर्ज फेटाळला गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत नेण्याची वेळ आली, तर त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरातच काम करू लागले आहे.

एक गोष्ट राहिली. तुमच्या धाकट्या बहिणीला आजच फोन करून हे सगळे सांगा. त्या संभाषणातला अर्धा भाग तिचा आहे, आणि तो परक्या डोळ्यांपुढे जाऊ शकतो हे तिला तुमच्याकडून कळावे, तिसऱ्याकडून नव्हे. तिनेही आपल्या फोनमधले काही पुसू नये, एवढे तिला त्याच वेळी सांगून ठेवा.